हॅमिल्टनच्या बोळातली गोगलगाय

उत्तर अटलांटिक महासागरात, अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यापासून हजारएक किलोमीटर आत, बर्म्युडा नावाचा बेटांचा पुंजका आहे. सगळी बेटे मिळून जमीन भरते अवघी 53 चौरस किलोमीटर. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळजवळ याच्या दुप्पट आहे. या इवल्याशा जमिनीवर एक गोगलगाय राहते, जी जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाही आणि कधी नव्हतीही. शास्त्रीय नाव पोसिलोझोनाइट्स बर्म्युडेन्सिस. कोटाच्या मोठ्या गुंडीएवढा घुमटदार शंख, फिकट अंगावर तपकिरी पट्टे. पालापाचोळ्याखाली, दगडांच्या कपारीत, ओल असेल तिथे तिचा मुक्काम.

गोगलगायीसारखा जीव अशा एकाकी बेटावर पोहोचतो तरी कसा, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. समुद्राचे खारे पाणी तिला सोसत नाही, तिच्या अंड्यांना तर नाहीच. पण वाहून आलेल्या ओंडक्याच्या ढोलीत, पक्ष्याच्या पायाला चिकटलेल्या चिखलात, वादळाने उचललेल्या पानावर अशी लाखो वर्षांत एखादी गोगलगाय पोहोचते. शिवाय बहुतेक जमिनीवरच्या गोगलगायी उभयलिंगी असतात, त्यामुळे थोडक्या जिवांवरही वंश तग धरू शकतो. एकदा वंश रुजला की समुद्र हीच भिंत होते. आतली बाहेर जात नाही, बाहेरची आत येत नाही. बर्म्युडात या कुळाला शत्रू थोडे आणि वेळ भरपूर मिळाला.

त्या वेळाचा हिशेब बर्म्युडाच्या खडकात लिहिलेला आहे, आणि तो इतका सुवाच्य आहे की याच कारणाने ही लहानशी गोगलगाय उत्क्रांतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. बर्म्युडा हा मुळात समुद्रातून वर आलेल्या, कधीचाच विझलेल्या ज्वालामुखीचा माथा. त्यावर प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू वाऱ्याने रचली, तिचे टेकाड झाले आणि पावसाच्या पाण्याने सांधून त्याचा चुनखडक झाला. मध्येमध्ये वाऱ्याचा जोर ओसरला की या टेकाडांवर लाल मातीचा थर बसायचा. या मातीतला बराचसा भाग वाऱ्याने थेट सहारा वाळवंटातून आणलेल्या धुळीचा आहे. पांढरा खडक, लाल माती, पुन्हा पांढरा खडक. आणि या प्रत्येक थरात गोगलगायींचे शंख. प्राण्याचे मऊ अंग कुजून जाते, पण शंख चुन्याचा, आणि आजूबाजूला सगळा चुनाच. तो टिकून राहतो. खाणीच्या किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराच्या कापलेल्या भिंतीतून ते हाताने उपसून काढता येतात.

1963 मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला एक तरुण विद्यार्थी या शंखांच्या मागे लागला. त्याचे नाव स्टीफन जे गूल्ड. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक आणि जगभर वाचले गेलेले विज्ञानलेखक झालेले गूल्ड आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहेत, पण त्यांची डॉक्टरेट या गोगलगायींवरची आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी थराथरांतून शंख गोळा केले, एकेका शंखाची लांबी, रुंदी, वेटोळ्यांची संख्या, कवचाची जाडी मोजली. 1969 मध्ये त्यांचा प्रदीर्घ प्रबंध हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या नियतकालिकात आला.

गूल्ड यांना दिसले ते असे. काही थरांतल्या पूर्ण वाढलेल्या गोगलगायींचे शंख पातळ, रंगीत आणि आकाराने मूळ जातीच्या पिल्लांसारखे होते. म्हणजे शरीर मोठे झाले, पण शंखाने बाळपणचा घाट सोडलाच नाही. त्यांच्या मते असे एकदा नव्हे, तर चार वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घडले होते. कारण त्यांनी मातीत शोधले. लाल मातीत चुना कमी. चुना कमी तिथे जाड शंख बांधणे महागात पडते. तेव्हा पातळ, पिल्लासारखा शंख हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. हे बदल हळूहळू, एकेका पायरीने घडताना दिसत नव्हते. दीर्घकाळ शंख जसेच्या तसे, आणि मग अचानक नवा आकार हजर. 1972 मध्ये गूल्ड आणि त्यांचे सहकारी नाइल्स एल्ड्रेज यांनी एक निबंध लिहिला. उत्क्रांती ही सतत सरपटत चाललेली प्रक्रिया नसून तिच्यात मोठ्या स्थिरतेचे काळ असतात आणि मधून झपाट्याने बदल होतो, असा त्याचा गाभा. या मांडणीवर पुढे दशकानुदशके वाद झडले, अजूनही झडतात. त्या निबंधात पुराव्यादाखल दोनच प्राणी प्रामुख्याने होते. एक होता कोट्यवधी वर्षांपूर्वीचा त्रिखंडी समुद्री जीव, ट्रायलोबाइट. दुसरी बर्म्युडाची ही गोगलगाय.

विज्ञानात एका माणसाचे म्हणणे शेवटचे नसते, आणि या गोगलगायीच्या बाबतीतही ते तिथेच थांबले नाही. 2010 मध्ये भूशास्त्रज्ञ पॉल हर्टी आणि पक्ष्यांचे जीवाश्म अभ्यासणारे स्टॉर्स ओल्सन यांनी थरांची कालगणना नव्याने करून वेगळी गोष्ट सांगितली. हिमयुगात समुद्राचे पाणी खाली उतरले की बर्म्युडाची जमीन कितीतरी पटीने विस्तारायची. अशा काळात या कुळात प्रचंड, जाड कवचाच्या गोगलगायी निर्माण झाल्या, गेल्या पाच लाख वर्षांत किमान दोनदा. त्याच काळातल्या थरांत पाणकोंबडीच्या कुळातल्या, उडणे विसरलेल्या एका मोठ्या पक्ष्याची हाडे सापडतात. गोगलगायी फोडून खाणारा हा पक्षी, आणि त्याच्या चोचीला पुरून उरण्यासाठी जाड झालेला शंख, असा हा सामना होता, असे त्या दोघांचे मत. पुढे समुद्र वर चढला, जमीन आक्रसली, पक्षी संपला, आणि गोगलगायी पुन्हा लहान, पातळ कवचाच्या झाल्या.

गूल्ड बरोबर की हर्टी आणि ओल्सन, याचा निकाल इथे लावायचा नाही. मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. या जिवाने हिमयुगे पाहिली, आपली जमीन बुडताना आणि वर येताना पाहिली, शिकारी पक्षी झेलला, चुन्याची टंचाई सोसली. प्रत्येक वेळी शंख बदलला, वंश टिकला. आणि मग विसाव्या शतकात, पंधरा वर्षे पुरती भरायच्या आत, तो दिसेनासा झाला.

ते कसे घडले हे समजायला बर्म्युडाच्या माणसांच्या एका सवयीकडे पाहावे लागते. एक उपद्रवी प्राणी आला की त्याला खाणारा दुसरा बाहेरून आणायचा. 1885 मध्ये झुरळे आणि किडे खातील म्हणून मोठे बेडूक आणले गेले. 1905 मध्ये फळमाशी आवरण्यासाठी जमेकाहून सरडे आणले. त्यांनी फळमाशी किती खाल्ली हा प्रश्नच, पण त्यांनी बेट भरून टाकले. 1940 च्या दशकात बाहेरून आलेल्या खवले किडीने बर्म्युडाच्या सीडर झाडांवर हल्ला चढवला. जहाजे, घरे, सामान, सगळे बेट या झाडाच्या लाकडावर उभे राहिले होते. थोड्याच वर्षांत सुमारे 95 टक्के झाडे वठली. किडीला आवरायला चित्रांग भुंगेरे आणून सोडले, तर ते भुंगेरे सरड्यांनी खाल्ले. मग सरडे आवरायला 1957 मध्ये त्रिनिदादहून किस्काडी नावाचे सुमारे 200 पक्षी आणून सोडले. पिवळ्या पोटाचा हा दणकट पक्षी जे मिळेल ते खातो. आज तो बेटावरचा सर्वांत परिचित पक्ष्यांपैकी एक आहे, आणि सरडेही तिथेच आहेत.

पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये, पाळी आली गोगलगायींची. भूमध्य समुद्राकडची, माणसांनी खाण्यासाठी आणलेली एक गोगलगाय, ओटाला, बागेतून निसटून बेटभर पसरली होती आणि पिके, फुलझाडे फस्त करत होती. तिचा बंदोबस्त करायला फ्लोरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणली गेली: युग्लँडिना रोझिया, गुलाबी छटेच्या लांबट शंखाची.

हिची शिकार पाहण्यासारखी असते, आणि अंगावर काटा आणणारीही. गोगलगाय चालली की मागे चिकट रेघ सोडते. युग्लँडिनाच्या तोंडाशी मिशांसारखे दोन लांब ओठ असतात. त्यांनी ती ही रेघ चाखते आणि तिच्यावरून सरळ सावजापर्यंत जाते. वेगही इतर गोगलगायींपेक्षा बराच जास्त. लहान सावज ती शंखासकट गिळते, कारण स्वतःच्या शंखासाठी तिलाही चुना हवाच असतो. मोठ्याच्या शंखात डोके घालून आतले अंग खाते. मात्र कोणती रेघ परक्याची आणि कोणती घरच्या गोगलगायीची, हे तिला कळत नाही. जी हाताला सोपी, ती आधी. ओटाला थोराड, जाड शंखाची. बर्म्युडाची गोगलगाय लहान, आणि हजारो वर्षांत असला शत्रूच न पाहिलेली.

1963 मध्ये काम सुरू केले तेव्हा गूल्ड यांना या गोगलगायी बेटभर हजारोंनी मिळत. 1973 मध्ये एका विद्यार्थ्यासाठी जिवंत नमुने शोधायला ते परतले, तेव्हा त्यांना एकही जिवंत गोगलगाय सापडली नाही. पुढे त्यांनी हे लिहून ठेवले आहे: ओटालाचे युग्लँडिनाने फारसे काही वाकडे केलेले नाही, आणि आपल्या अभ्यासाची मुख्य जात बहुधा नामशेष झाली आहे. ज्यांचे पुरावे गोळा केले, तेच प्राणी आपल्या हयातीत संपले, हे एका शास्त्रज्ञाला लिहावे लागणे किती क्लेशाचे असेल.

बर्म्युडा यात एकटे नाही. आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय जगभर पसरली, आणि तिच्या पाठोपाठ तिला मारायला म्हणून ही युग्लँडिना बेटाबेटांवर सोडली गेली. हवाईत 1955 मध्ये, ताहितीत 1974 मध्ये, शेजारच्या मोरेआत 1977 मध्ये. मोरेआत पार्टुला कुळाच्या सात जाती होत्या, त्या बेटापलीकडे कुठेही नसलेल्या. 1987 पर्यंत रानातून सातही गेल्या. सोडणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. मोरेआच्या वेळी बर्म्युडा आणि हवाईचे अनुभव समोर होते. बाहेरून सर्वभक्षी शिकारी आणणे हा किडीवरचा उपाय नव्हे, ते एका संकटात दुसरे मिसळणे आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. जैविक नियंत्रण म्हणजे ते नव्हे. एकाच किडीवर जगणारा, दुसरे काही न खाणारा शत्रू शोधणे, तो आधी बंदिस्त जागेत पारखणे, आणि खात्री पटल्यावरच सोडणे, याला जैविक नियंत्रण म्हणतात. त्याला वर्षे लागतात.

चाळीसएक वर्षे ही गोगलगाय संपली असेच सगळे धरून चालले. मग 2014 मध्ये राजधानी हॅमिल्टनमध्ये, इमारतींच्या मधल्या एका दमट, झाडोरा माजलेल्या बोळात ती जिवंत सापडली. निसर्गप्रेमी जिथे चुकूनही पाहणार नाहीत अशी ती जागा. भोवती सिमेंट, वर इमारती, पण कपारी ओल्या, पालापाचोळा कुजलेला, आणि मुख्य म्हणजे कोणी साफसफाई केलेली नाही. बाकीच्या बेटावर शिकारी गोगलगाय, गोगलगायी खाणारे चपटे कृमी, बांधकामे आणि वाढता उन्हाळा यांनी जे केले, ते या बोळापर्यंत पोहोचले नव्हते. पाच लाख वर्षांचा वारसा दोन भिंतींच्या मध्ये उरला होता.

पुढचे काम जिकिरीचे होते. एक जोराचा पाऊस, एखादी डागडुजी, एक शिकारी गोगलगाय, एवढ्याने सगळे संपले असते. बर्म्युडाच्या पर्यावरण खात्याने काही गोगलगायी उत्तर-पश्चिम इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात पाठवल्या. तिची छोटी नातेवाईक जात, पोसिलोझोनाइट्स सर्कमफर्मेटस, आधीच लंडनच्या प्राणिसंग्रहालयात वाढवली जात होती, त्यामुळे या कुळाला काय लागते याचा काही अंदाज होता. ओल कायम हवी, पण पाणी साचता कामा नये, शंखासाठी चुना हवा, ऊबही बर्म्युडासारखी. आणि संख्या वाढली की सगळी एकाच ठिकाणी ठेवायची नाही. तसे केले की काय होऊ शकते, हे आधी दिसले होते: पार्टुला टर्गिडा या ताहितीजवळच्या बेटावरच्या जातीची शेवटची गोगलगाय लंडनमध्ये जानेवारी 1996 मध्ये मेली. रानातून ती जात आधीच संपलेली होती आणि बंदिस्त जागेतल्या उरल्यासुरल्यांना एका सूक्ष्म परजीवीने गाठले.

चेस्टरमध्ये गोगलगायी वाढल्या, हजारोंनी वाढल्या. आता प्रश्न होता त्यांना सोडायचे कुठे. बोळ पुरणार नव्हता, आणि मोठ्या बेटावर युग्लँडिना होतीच. इथे या कथेत नॉनसच बेट येते, आणि मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोलाची वाटते ती त्या बेटाची पूर्वतयारी, जी या गोगलगायीसाठी केलेलीच नव्हती.

नॉनसच हे बर्म्युडाच्या पूर्व टोकाशी असलेले सुमारे 15 एकरांचे बेट. तिथे डेव्हिड विंगेट नावाचा एक माणूस 1962 पासून राहायला गेला. 1951 मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, तो एका मोहिमेत सोबत होता, जिच्यात काहाउ हा समुद्रपक्षी पुन्हा सापडला. हा पक्षी तीनशे वर्षांपासून नामशेष समजला जात होता. विंगेट यांनी त्या पक्ष्यासाठी नॉनसच बेट पुन्हा जुन्या बर्म्युडासारखे करायचे ठरवले. सीडर मेलेले, बेट उघडे बोडके. त्यांनी देशी सीडर, पामेटो आणि इतर स्थानिक झाडांची हजारो रोपे लावली. समुद्राचा वारा रोपांना जगू देत नव्हता, म्हणून आधी वारा अडवायला झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावली, आणि देशी झाडे धरल्यावर ती काढून टाकली. उंदीर हटवले.

तिथेही बाहेरून शिकारी आणण्याचा प्रसंग आला, आणि त्यांनी तो कसा हाताळला ते पाहण्याजोगे आहे. लाल जमिनी खेकडे बेसुमार वाढून रोपे खात होते. बर्म्युडात जुन्या काळी खेकडे खाणारा एक रातबगळा होता, त्याची हाडे गुहांत सापडली होती, पण तो माणसे आल्यावर संपला. 1976 ते 1978 या काळात विंगेट यांनी त्याच्याच जवळचा नातेवाईक असलेल्या फ्लोरिडातल्या रातबगळ्याची चाळीसहून अधिक पिल्ले आणून, हाताने खेकडे भरवून वाढवली. ते स्थिरावले, खेकडे खाऊ लागले. बाहेरचा प्राणी आणलाच, तर तो जिथे जागा रिकामी झाली होती तिथे आणला, आणि आधी जुनी हाडे वाचून आणला.

काहाउ पक्ष्याची पिल्ले 2004 पासून नॉनसचवर हलवण्यात आली, आणि 2009 मध्ये तिथे पहिले पिल्लू जन्मले. म्हणजे विंगेट यांनी झाडे लावायला सुरुवात केल्यानंतर 47 वर्षांनी. तोवर ती झाडे मोठी झाली होती, त्यांचा पालापाचोळा जमिनीवर जाड साचला होता, त्याखाली ओल धरली जात होती. पक्ष्यासाठी लावलेले जंगल गोगलगायीला राहण्याजोगे झाले होते. आणि शिकारी गोगलगाय तिथे पोहोचलेली नव्हती. 2019 मध्ये चेस्टरहून आलेल्या गोगलगायी या जंगलात सोडल्या गेल्या. नंतर इतर सुरक्षित ठिकाणीही त्या सोडत गेल्या. एकूण संख्या एक लाखाच्या पुढे गेली. 2025 मध्ये जाहीर झाले की सहा ठिकाणी त्यांनी स्वतःहून मूळ धरले आहे, पिल्ले होत आहेत.

आपल्याकडे या सगळ्याशी दोन खरे धागे जोडलेले आहेत. पहिला म्हणजे तीच आफ्रिकी शंखी गोगलगाय, जिच्या मागोमाग युग्लँडिना जगभर गेली. भारतात ती 1847 मध्ये विल्यम बेन्सन या ब्रिटिश शंखअभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यात आणली, तिथल्या बागेत सोडली, आणि ती आता बहुतेक राज्यांत आहे. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचे गोगलगायींनी काय केले, हे शेतकऱ्यांनी सांगायला नको. दुबार पेरणी करूनही शेते मोकळी राहिली.

दुसरा धागा सह्याद्रीचा. पश्चिम घाटात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य पश्चिम घाटाबाहेर कुठेही आढळत नाहीत. 2021 मध्ये सिंधुदुर्गातल्या आंबोलीहून अर्धवट कवचाच्या एका गोगलगायीची नवी प्रजातीच (जीनस) विज्ञानाला मिळाली. सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून तिचे नाव ठेवले: वरदिया आंबोलीएन्सिस. सह्याद्रीपुरता मर्यादित असलेला जीव, बर्म्युडाच्या गोगलगायीसारखाच.

म्हणून शेतात शंखी गोगलगायी माजल्या तर कृषी विभाग सांगतो तेच करा: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाकडेला ठेवा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका, बांध स्वच्छ ठेवा. कष्टाचे काम आहे, गावाने मिळून केले तरच उपयोगी पडते. पण गोगलगायींना खाणारा कोणताही परका प्राणी सोडायचा सल्ला कोणी दिला, तर तो घेऊ नका. रोपवाटिकेतून कुंडी आणताना तिच्या मातीत आणि बुडाशी अंडी आहेत का पाहा; एका जागेवरून दुसरीकडे ही शंखी बहुधा अशीच जाते. आणि घाटात पावसाळ्यात फिरायला गेलात आणि दगडाखाली एखादी अनोळखी गोगलगाय दिसली, तर तिचा फोटो घ्या, दगड होता तसा परत ठेवा आणि तिला तिथेच राहू द्या.